बाप्तिस्म्यानंतरचा प्रश्न : ख्रिस्तपुराणाची बोधपद्धती

फादर टॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाचकास परिचित आहे ते ख्रिस्तपुराणाच्या आरंभी आलेल्या मराठी भाषेच्या स्तुतीमुळे. त्या मोजक्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून, भाषणांतून आणि भाषाविषयक लेखांतून इतक्या वेळा उद्धृत झाल्या आहेत, की त्यांच्यामागे उभा असलेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ जवळजवळ दिसेनासा झाला आहे. वस्तुतः भाषेचा गौरव हा त्या ग्रंथाचा हेतू नव्हे. बाप्तिस्मा घेऊन झालेल्या, परंतु आपण काय स्वीकारले हे पुरते न उमगलेल्या समाजास त्या श्रद्धेचा अर्थ त्याच्याच भाषेत समजावून देणे, हे त्याचे प्रयोजन होते. या दृष्टीने ग्रंथ वाचला असता त्याची रचना, त्यातील शब्दांची निवड आणि त्याच्या मर्यादाही निराळ्या प्रकाशात दिसू लागतात.

ग्रंथाचा आरंभच एका प्रश्नाने होतो. रविवारी देवळात मुलांना ख्रिस्ती धर्माची शिकवण देण्याचे काम चालू असता एक ब्राह्मण पाद्रीगुरूंस विचारतो, की तुम्ही आम्हांस पहिली पुराणे वाचू देत नाही, पण त्यांच्या जागी तसे काही देतही नाही, असे का? तुमची शिकवण चांगली आहे. परंतु मराठी भाषेत काही शास्त्रपुराण आमच्यासाठी झाले असते तर लोकांच्या मनाची इच्छा पुरी झाली असती. ग्रंथकाराने हा प्रश्न स्वतः रचला की खरोखर कोणी विचारला, हा वाद येथे गौण आहे. महत्त्वाचे हे, की विचारणारा धर्माबाहेरचा नाही. तो आत आलेला आहे. त्याचे गाऱ्हाणे श्रद्धेविरुद्ध नाही; श्रद्धेचे जे अन्न मिळाले ते पुरत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. धर्मांतर ज्या काळी राज्यसत्तेच्या छायेत होत होते त्या काळात मिशनरी ग्रंथकाराने आपल्याच कार्यातील उणीव श्रोत्याच्या तोंडून वदवावी, आणि तीही ग्रंथाच्या पहिल्याच अवस्वरूत, ही गोष्ट साधी नाही.

या प्रश्नाचे वजन लक्षात येण्यासाठी स्थळकाळाचे भान ठेवले पाहिजे. गोव्यातील साष्टी तालुका (मुंबईजवळची साष्टी निराळी) सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली. गोव्यात धर्मन्यायपीठ १५६० सालीच स्थापन झाले होते. जुन्या धर्मग्रंथांचे वाचन नवख्रिस्ती लोकांस निषिद्ध होते. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांची हत्या झाली. पुढे तेथील गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. मारल्या गेलेल्या जेझुइटांचे देह परत मिळविण्याच्या कामात स्टीफन्स यांचा भाग होता. म्हणजे ज्या समाजासाठी त्यांनी पुढे ओव्या रचल्या, त्याच्या मनातील जखम त्यांनी जवळून पाहिली होती. त्या समाजाची संमती कितपत स्वेच्छेची होती हा प्रश्न इतिहासाने विचारलाच पाहिजे, आणि ख्रिस्तपुराणाच्या गौरवात तो बुडवून टाकता येत नाही. पण त्याचबरोबर हेही खरे, की संमती कशीही मिळाली असली तरी तिच्यानंतरचा ‘आता आम्ही काय समजावे?’ हा प्रश्न त्या माणसांचा स्वतःचा होता, आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी फार थोड्यांनी ओळखली.

स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील. १५७५ साली रोम येथे ते जेझुइट संघात दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. त्यानंतर १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी साष्टीतच घालविली. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी इकडील भाषांच्या घडणीचे ग्रीक आणि लॅटिन भाषांशी असलेले साम्य नोंदविले आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासकारांनी या निरीक्षणाची दखल घेतली ती पुष्कळ पुढे.

श्रद्धेच्या शिक्षणाचे जे साधन त्या काळी सर्वत्र रूढ होते ते म्हणजे प्रश्नोत्तररूप धर्मबोध. त्रेंतच्या धर्मसभेनंतर (१५४५–१५६३) कॅथलिक जगतात या साधनाला विशेष महत्त्व आले. प्रभूची प्रार्थना, मरियेची वंदना, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, संस्कार यांचे पाठांतर आणि त्यांवरील ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे, असे त्याचे स्वरूप. स्टीफन्स यांनी स्वतःही असे एक पुस्तक मार्कुश झोर्झ यांच्या पोर्तुगीज धर्मबोधाच्या आधारे गोव्याच्या बोलीत तयार केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूर येथे छापले गेले. तेव्हा पाठांतराचे मूल्य ते जाणत नव्हते असे नाही. परंतु धर्मबोधाच्या पुस्तकात प्रश्न गुरूचा असतो आणि उत्तर शिष्याचे. ख्रिस्तपुराणात हा क्रम उलटतो. तेथे विचारणारा शिष्य आहे, आणि गुरूला उत्तर द्यावे लागते ते सूत्राने नव्हे, कथेने.

येथून ग्रंथाच्या रचनेचा मुद्दा उपस्थित होतो. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस आणि दुसऱ्या पुराणात एकोणसाठ अवस्वरू आहेत. येशूचे चरित्र दुसऱ्यात येते. पहिले संपूर्ण पुराण सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे बंड, आदाम आणि एवा यांचे पतन, नोहाचा जलप्रलय, कुलपती, मोशे, राजे आणि संदेष्टे यांत खर्च झाले आहे. केवळ येशूची कथा सांगावयाची असती तर एवढा प्रदीर्घ उपोद्घात अनावश्यक ठरला असता. पण स्टीफन्स यांचा श्रोतृवर्ग ध्यानात घेतला की या योजनेचे मर्म कळते. ‘तारणारा’ या शब्दास अर्थ येण्यासाठी आधी तारावे लागेल असे काही घडलेले असले पाहिजे. युगांमागून युगे येतात, सृष्टी होते आणि लयास जाते, जीव आपल्या कर्मानुसार फिरत राहतो, ही ज्यांच्या मनाची जन्मजात मांडणी आहे, त्यांना ‘ख्रिस्ताने तुमची पापे दूर केली’ हे वाक्य व्याकरणाने कळेल, पण त्याला बसावयास जागा मिळणार नाही. पाप म्हणजे कर्माच्या खात्यावरील एक नोंद असेल तर ती दुसऱ्याने कशी पुसावी? बायबलच्या दृष्टीने पाप हा प्रथमतः संबंधाचा भंग आहे : उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम फळ खातो एवढ्यावर गोष्ट संपत नाही, तो देवाची चाहूल लागताच झाडांत लपतो. हे लपणे समजले की पुढील सारी शास्त्रकथा, म्हणजे देवाने माणसाचा शोध घेण्याची कथा, समजण्याजोगी होते. सूत्राने हे समजावता येत नाही. कालक्रमाने सांगितलेल्या कथेनेच ते मनात उतरते. बायबलातील काळ एकदाच आरंभ होतो, एकदाच मोडतो, आणि वचनाकडून पूर्तीकडे सरळ जातो. पहिले पुराण श्रोत्याला या काळात राहावयास शिकविते.

यासाठी त्यांनी जो साहित्यप्रकार घेतला तो मात्र याच भूमीतला. आरंभीचे नमन, ओवीचा छंद, वक्ता आणि श्रोता यांचा संवाद, कथेच्या ओघात थांबून केलेले निरूपण, ही सारी अंगे मराठी कवीश्वरांच्या परंपरेतील आहेत. नमन मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांस आहे. श्रोता बसण्याची जागा ओळखीची, ऐकण्याची चाल ओळखीची, आणि ऐकावयाची गोष्ट अगदी नवी. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत त्यांनी भाषेसंबंधी दिलेला खुलासा मार्मिक आहे. देवाच्या गोष्टी सांगण्यास या देशातील भाषांत मराठी योग्य वाटली म्हणून ती निवडली. परंतु शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोकणीतील, सोपे शब्द मिसळले, असा त्याचा आशय आहे. कळणे ही कसोटी त्यांनी काव्याच्या शुद्धतेवर बसविली. काही अभ्यासकांनी या मिश्रणास दोष मानले आहे. अध्यापनाच्या दृष्टीने तो दोष म्हणता येणार नाही.

आता शब्दांच्या खऱ्या अडचणीकडे वळले पाहिजे, कारण श्रद्धेचे आकलन शेवटी शब्दांपाशी येऊन अडते. स्वर्गासाठी स्टीफन्स यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला आहे. ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ हे शब्दही त्यांनी टाळलेले नाहीत. वैकुंठ म्हणजे विष्णूचे स्थान, हे त्यांच्या श्रोत्यांपैकी कोणासही सांगावे लागत नव्हते. आणि मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका, हेही. मग ज्या शब्दांत दुसऱ्या श्रद्धेचा प्राण आहे तेच शब्द घेण्यात धोका नव्हता काय? धोका होता यात शंका नाही. परंतु दुसऱ्या बाजूचा धोका कमी नव्हता. अगदी परका शब्द ठेवला तर त्याचा अर्थ चुकीचा होणार नाही. मात्र अर्थच होणार नाही. कानावर पडलेला निरर्थक शब्द लोक पवित्र म्हणून जपतात आणि त्याविषयी विचारणे सोडून देतात. श्रद्धेच्या वाढीस चुकीच्या अर्थापेक्षा ही स्थिती अधिक मारक असते, कारण चुकीचा अर्थ निदान दुरुस्त करता येतो.

स्टीफन्स यांची दुरुस्तीची रीत व्याख्येची नव्हे. एखादा शब्द घेऊन ‘येथे याचा अर्थ असा समजावा’ असे सांगण्यावर त्यांचा भर नाही. त्या शब्दाभोवती ते कथा रचीत जातात. ज्या वैकुंठातून देवदूत गर्वामुळे खाली लोटले गेले, ज्याचे दार आदामाच्या आज्ञाभंगाने माणसाला बंद झाले, आणि जे येशूच्या मरणाने व पुनरुत्थानाने पुन्हा उघडले, ते वैकुंठ शेकडो ओव्यांनंतर श्रोत्याच्या मनात पहिल्यासारखे राहत नाही. शब्द तोच, पण त्यात घडलेल्या घटना निराळ्या. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, हे भाषेचे तत्त्व त्यांनी कोठे मांडले नसले तरी त्यांच्या ग्रंथाची सारी भिस्त त्यावरच आहे.

या रीतीला बायबलातच आधार सापडतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम हा विद्वान परूशी रात्री येशूकडे येतो. नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसणार नाही, असे येशू म्हणतो. आणि निकदेम शब्दशः अर्थ घेऊन विचारतो, की म्हातारा माणूस आईच्या उदरात पुन्हा कसा शिरेल? मूळ ग्रीक शब्दाचे ‘नव्याने’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात, आणि संवादाचा सारा ताण या दुहेरीपणात आहे. येशू तो शब्द मागे घेत नाही. चुकीच्या ऐकण्यातूनच तो पुढचा अर्थ उलगडतो. चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी ‘पाण्या’विषयी होणारा संवादही याच वळणाचा आहे. ज्या भूमीत पुनर्जन्म गृहीत धरला जातो तेथे हा तिसरा अध्याय वाचणाऱ्यास निकदेमाची अडचण दुप्पट होऊन भेटते. एकाला वाटेल, की येथे पुनर्जन्माला दुजोरा आहे. दुसऱ्याला वाटेल, की ही केवळ अलंकारिक भाषा आहे. दोन्ही समज अपुरे आहेत, आणि अध्याय पुढे नेटाने वाचल्यावाचून ते सुटत नाहीत. धर्मशिक्षणातील पुष्कळसा गोंधळ वाक्य मध्येच तोडून पाठ करण्याने होतो.

तथापि कथेने सर्वच शब्द बदलता येतात असे स्टीफन्स यांनी मानले नाही. रोमन लिपीतील पाठात पवित्र आत्म्यासाठी ‘स्पिरितो सांतो’ हेच नाव मराठी वळण देऊन ठेवलेले आहे. बाप्तिस्मा, क्रूस यांसारखे शब्दही परकेच राहिले. या निवडीत एक तारतम्य दिसते. जे सांगता येते, दाखविता येते, ज्याच्याभोवती घटना घडतात, त्यासाठी देशी शब्द. आणि जो शब्द धर्मसंस्थेच्या विधीत नेमक्या रूपाने उच्चारावा लागतो, किंवा ज्यात तत्त्वाची चूक झाली तर सारी मांडणी कोसळेल, त्यासाठी मूळचा शब्द. ‘आत्मा’ या शब्दामागे वेदान्ताची केवढी परंपरा उभी आहे हे लक्षात घेतले म्हणजे त्र्यैक्याच्या तिसऱ्या व्यक्तीस तो शब्द एकट्याने वाहता आला नसता, हे पटते. अर्थात यामागे विचारापेक्षा धर्माधिकाऱ्यांचे भय अधिक होते, असेही कोणी म्हणेल. १६१६ साली रायतूर येथे छापावयाचा ग्रंथ परवानगीवाचून निघू शकत नव्हता, आणि ती देणाऱ्यांना पुराण हा प्रकार मुळातच संशयास्पद वाटला असल्यास नवल नाही. दोन्ही कारणे एकत्र असू शकतात.

स्टीफन्स यांच्या रीतीचे वेगळेपण शेजारच्या ग्रंथाशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांत एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पेत्राच्या जीवनावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६२९ साली छापावयास आला. त्यात हिंदू देवतांच्या कथांचे खंडन मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यासाठी ग्रंथकाराने इकडील पुराणांचा बारकाईने अभ्यास केल्याचे दिसते. अभ्यास म्हणून तो थोर खरा. पण खंडन ऐकून श्रोत्याला काय मानू नये एवढेच कळते, आणि ते त्याला आधीच सांगून झालेले होते. पहिल्या अवस्वरूतील ब्राह्मणाचा प्रश्न तेथे तसाच उभा राहतो.

ख्रिस्तपुराण मात्र लोकांनी आपले मानले. ते देवळांतून आणि घरांतून वाचले जाई. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला, आणि लोकभाषेतील धर्मशिक्षणाच्या या धारेस मोठी ओहोटी लागली. आज त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत, विशेषतः गोवा सोडून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या नकलांत. त्यांच्या आधाराने जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून रोमन लिपीत आवृत्ती काढली. देवनागरीत तो १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात प्रसिद्ध केला. छापखाना हाती असताही एवढी वर्षे तो रोमन लिपीतच राहिला, ही स्टीफन्स यांची इच्छा नव्हती. १६०८ साली त्यांनी देवनागरी खिळे पाडण्याची परवानगी रोमकडे मागितली होती. ते खिळे कधी तयार झाले नाहीत.

शब्दांचा हा प्रश्न तीनशे वर्षांनंतर पुन्हा विचारला गेला आणि त्याला नेमके उलट उत्तर मिळाले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. १९२४ साली केडगावच्या मुक्तिसदनातून ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. रूढ भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना दोन कारणांनी नको होते : अल्पशिक्षित स्त्रियांना ते कळत नाहीत, आणि ज्यांना कळतात त्यांच्या मनात ते जुन्या धर्मकल्पना घेऊन येतात. रमाबाईंची संस्कृतातील गती लक्षात घेता हा त्याग सामान्य नव्हे. स्टीफन्स बाहेरून आले होते आणि त्यांना देशी शब्दांत आश्रय मिळाला. रमाबाई त्या शब्दांच्या आत वाढल्या होत्या आणि त्यांना त्यांचे ओझे ठाऊक होते. ना. वा. टिळकांनी आरंभिलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ख्रिस्तायन पुन्हा ओवीकडे, म्हणजे स्टीफन्स यांच्या वाटेकडे, वळते. मराठी ख्रिस्ती विचारात या दोन्ही वाटा चालू राहिल्या आहेत. ख्रिस्ताच्या मानवी जन्मासाठी ‘अवतार’ म्हणावे की ‘देहधारण’, हा वाद त्यांच्यातील अंतराचेच एक उदाहरण होय : अवतार अनेक होऊ शकतात आणि कार्य संपताच देह टाकतात, देहधारण एकदाच होते, आणि कॅथलिक तसेच प्रॉटेस्टंट श्रद्धेनुसार तो देह पुनरुत्थानानंतरही सोडलेला नाही.

अभ्यासकांपुढे एक पाठविषयक प्रश्न अद्याप खुला आहे आणि तो वरील चर्चेशी थेट जोडलेला आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहात या ग्रंथाचे देवनागरी हस्तलिखित आहे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याकडे लक्ष वेधले. रोमन पाठात जेथे लॅटिन-पोर्तुगीज शब्द येतात तेथे या हस्तलिखितात पुष्कळ ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. अ‍ॅबट यांच्या मते हाच मूळ पाठ होय. तसे असेल तर स्टीफन्स यांनी प्रथम सर्वच देशी शब्द वापरले आणि छापताना, स्वेच्छेने वा परेच्छेने, काही परत घेतले असे मानावे लागेल. उलट, रोमन पाठ मूळचा असेल तर स्टीफन्स यांनी परके ठेवलेले शब्द कोणा अनामिक नकलकाराने मराठी केले, म्हणजे पहिल्या अवस्वरूतील ब्राह्मणासारख्याच कोणा श्रोत्याने ते काम पुढे चालविले, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही पाठ ओवीगणिक शेजारी ठेवून, प्रत्येक बदललेल्या शब्दाची स्वतंत्र छाननी केल्यावाचून याचा निर्णय लागणार नाही.